आधी निघायची वाट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी नाखवांचं नाव घेतो. आईला ते आवडत नाही. ती म्हणते, ज्या माणसानं तुझ्यावर कधी विश्वास ठेवला नाही, त्याचे कसले उपकार? तिचं म्हणणं खोटं नाही. नाखवांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी कोणावरच ठेवला नाही.

त्यांना एक रीतसर नाव होतं आणि ते इकाम्यावर, म्हणजे सौदीत राहण्याच्या परवान्यावर, छापलेलंही होतं, पण ते कोणी घेत नसे. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. त्यांच्या आजोबांकडे म्हणे गलबत होतं, म्हणून घराणं नाखव्यांचं. स्वतः नाखवांनी आयुष्यात होडी चालवली नव्हती. होडीवर त्यांचा भरवसा नव्हता. "खाली पाणी नि मध्ये एक फळी. फळी कोनी ठोकली ते तुला ठाव हाय?" असं ते विचारायचे.

सौदी अरेबियातल्या तबूक शहराहून डोंगर उतरून खाली आलं की तांबड्या समुद्राच्या काठी एक लहान गाव लागतं. तिथे समुद्राचं पाणी गोडं करण्याचा एक छोटा खाजगी प्रकल्प होता. मी तिथे केमिस्ट म्हणून लागलो. नाखवा फोरमन होते. समुद्राचं पाणी ज्या मोठ्या नळातून आत यायचं, त्याच्या तोंडाशी जाळ्या होत्या. त्या जाळ्या आणि त्या साफ करणारी माणसं त्यांच्या ताब्यात असत.

मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा. वडील स्टोव्ह दुरुस्त करायचे. घरातला पहिला पदवीधर मी, आणि बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी दुकानावरच्या पाटीवर माझं नाव डिग्रीसकट रंगवून घेतलं होतं. पुढे घरोघर गॅस आला, दुकानात स्टोव्ह येईनात. धाकटी बहीण नर्सिंगला गेली. घर माझ्या पगारावर आलं. त्यामुळे ही नोकरी टिकणं हा माझ्यासाठी साधा प्रश्न नव्हता.

आणि ती टिकेल असं कोणीच म्हणत नव्हतं. ते दिवस सौदायझेशनचे होते. आज अमुक दुकानं फक्त सौदी माणसांनी चालवायची, उद्या तमुक काम फक्त त्यांनीच करायचं, असे हुकूम यायचे. माझ्या आधीचा केमिस्ट वारा ओळखून स्वतःच निघून गेला होता. मला घेतलं ते सौदी केमिस्ट मिळेपर्यंत. हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

पोचलो त्याच दिवशी नाखवा खोलीच्या दारात उभे राहिले. उंच, वाळलेले, दाढी मेंदीनं लाल. त्यांनी आधी माझं सर्टिफिकेट मागितलं. उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, मग मला विचारलं, "पान्यात मीठ किती ते कसं बघतंस?" मी सांगितलं. "बराबर हाय का काय, मला काय ठाव," म्हणाले. "पन अडखळला नायस. यल्ला, चल, बीएस्सी, गाव बघून घे." त्या दिवसापासून मी बीएस्सी झालो.

मला वाटलं, समुद्र दाखवतील. नव्या माणसाला माणूस आधी समुद्रच दाखवेल. ते मला उलट्या दिशेनं, गावाबाहेरच्या रस्त्यावर घेऊन गेले. तिथे तबूकची बस थांबायची. एक टपरी, एक बाकडं, टपरीत एक सुदानी तिकीटवाला.

"विचार त्याला, बस कधी सुटते."

"नाखवा, मी तर आजच आलोय."

"म्हनूनच. आधी निघायची वाट बघायची. मग गावात शिरायचं. विचार, तुझ्या तोंडानं विचार."

मला अरबी येत नव्हतं. खाणाखुणा करून विचारलं. तिकीटवाला हसला आणि नाखवांना काहीतरी म्हणाला. प्रत्येक नव्या माणसाला ते आधी इथेच आणतात हे त्याला सवयीचं होतं. मी तिकीटवाल्याचे आभार मानले, तर नाखवा वैतागले.

"सारखं थँक्यू थँक्यू काय करतंस? आभार मानलेस की समोरचा विचार करतो, आपन याला असं दिलं तरी काय. मग पुढच्या वेळी देत नाय."

शाळेत प्रत्येक कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन माझ्याकडे असायचं. माईकवाल्यापासून सतरंज्या घालणाऱ्यापर्यंत मी कोणाला सोडत नसे. ती सवय मोडणं मला जमलं नाही, पण नाखवांसमोर मी ती खिशात ठेवायला शिकलो.

मग गाव. नाखवांच्या तोंडून त्या गावाची ओळख करून घेणं म्हणजे संशयितांची ओळखपरेड बघणं. जुनी प्रवाळाच्या दगडाची घरं लागली. पांढरी, सज्जांची लाकडं उन्हानं करडी पडलेली. मला फार सुंदर वाटली. "याच्या सावलीला बसू नको. सज्जा कधी पडंल सांगता येत नाय." उथळ पाण्यात पोरं खेळत होती. "तिथे अनवानी जायचं नाय. दगडासारखा मासा असतो, काटा लागला तर झालंच तुझं." बेकरीवाला अफगाण गरम रोटीचा तुकडा तोडून द्यायला लागला. "हा लई चांगला मानूस हाय. जपून रहा." मासळीबाजारात ते प्रत्येक टोपलीशी थांबले, वास घेतला आणि काही न घेता पुढे निघाले. मासेवाला मागून ओरडला, तेव्हा मला म्हणाले, "ओरडतोय म्हंजे ताजे असतील. उद्या घेऊ."

दर दुकानात मात्र ते एक विचित्र गोष्ट करायचे. मला दुकानदारासमोर उभं करायचे आणि अरबीत काही म्हणायचे; मी विचारलं तर त्याचा अर्थ सांगितला, "नीट बघून ठेव. पुन्हा आला तर हाच तो, हे सांगता आलं पायजे." दुकानदार मला न्याहाळायचा. कोणी मान डोलवायचा, कोणी हसायचा. इजिप्शियन न्हाव्यानं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मला ओशाळल्यासारखं झालं. मेसमधला केरळी आचारी, रस्त्यात भेटला तो, हिंदीत म्हणाला, "नयी दुल्हन को घर घर घुमा रहे हैं क्या?"

कुठेही चहा आला की नाखवा तो हातात घ्यायचे, पण प्यायचे नाहीत. आधी दुकानदार प्यायला की मग तोंडाला लावायचे. पाण्याचंही तसंच. आम्ही जे पाणी बनवतो तेसुद्धा ते आधी जिभेवर टेकवून बघायचे, आणि तेव्हा माझ्याकडे असे बघायचे की मी मापं पुन्हा घेऊन बघायचो.

शेवटचं ठिकाण समुद्राकाठचं एक घर होतं. मालक अबू फहद, जुना मच्छीमार, त्याच्या होड्यांवर आता बंगाली माणसं जायची. समुद्राकडे तोंड करून मोकळी बैठक होती, गालिचे, उशा. त्यानं स्वतः गहवा ओतला. गहवा म्हणजे वेलदोडा घातलेली पिवळट अरबी कॉफी, बिनकानाच्या इवल्या कपात. मी प्यायलो. अबू फहद प्यायला. नाखवांनी कप समोर गालिच्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

मला लाज वाटली. इतका मोठा माणूस स्वतः ओतून देतो, स्वतः पिऊन दाखवतो, आणि तरी यांचा संशय जात नाही. अबू फहद बोलता बोलता थांबला. त्यानं त्या कपाकडे पाहिलं. मग नाखवा हळू आवाजात बोलू लागले, बराच वेळ. मला काही कळत नव्हतं, फक्त "कीमियाई" हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. केमिस्ट. म्हणजे मी. अबू फहदनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमच्या बाजारात बैलाचे दात बघतात. त्यानं नाखवांना एक प्रश्न विचारला. नाखवांनी दोनचार शब्दांत उत्तर दिलं. मग अबू फहद काहीतरी म्हणाला आणि नाखवांनी कप उचलून एका घोटात संपवला.

परतताना मी विचारलं, "काय बोलत होतात?"

"माशांचा भाव."

मी त्या दिवसापासून नाखवांकडे संशयानं बघू लागलो. संशय घ्यायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणी काही चांगलं केलं, कंपनीनं सुट्टी दिली, कोणी मिठाई वाटली, हवामानखात्यानं समुद्र शांत राहील असं सांगितलं, की ते डोळे बारीक करून विचारायचे, "यात त्याचं काय?" मीही मनात तोच विचारायचो. मला गावभर फिरवलं, यात यांचं काय?

आचाऱ्यानं माझ्या संशयाला फोडणी दिली. "भाई, पुराने केमिस्ट को भी ऐसे ही घुमाया था. किधर है वो? और उसके पहले वाला सुपरवाइजर? जिसको घुमाता है, वो जाता है."

हा हिशेब चुकीचा होता, कारण त्यांनी तिथे राहिलेल्यांनाही फिरवलं होतं, आचाऱ्यालासुद्धा. पण नोकरी जायच्या भीतीत माणूस इतकं बघत नाही.

नाखवांच्या शंकेखोरपणाला घरही अपवाद नव्हतं. ते बायकोला फोन करायचे तेव्हा आधी खात्री करून घ्यायचे. "चुलीच्या वरच्या फळीवर काय ठेवलंय?" असं विचारायचे. फोनवरचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. "मीच हाय हो. दुसरी कोन बसलीय तुमच्याशी बोलायला?" नाखवा क्षणभर विचार करायचे आणि मग म्हणायचे, "हां, तूच हायस."

एकदा मी म्हणालो, "नाखवा, एवढ्या वर्षांत कोणी फसवलंय का तुम्हाला?"

"नाय ना. बघतोस ना उपयोग?"

पहिलं वर्ष सरत आलं आणि एका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात एक सौदी तरुण उभा राहिला. शांत, लाजरा, तबूकला केमिस्ट्रीचा डिप्लोमा केलेला. त्याच्या मागे नाखवा. "हा फहद. अबू फहदचा थोरला. याला शिकव."

मला सगळं लख्ख दिसलं. गालिच्यावरचा तो कप, हळू आवाजातलं बोलणं, माझ्याकडे बघणारा तो म्हातारा. नाखवांनी माझी जागा पहिल्याच दिवशी विकली होती, आणि मी बाजूला बसून गहवा पीत होतो.

फहद मुलगा चांगला होता. ते जास्त वाईट होतं. तो मला "उस्ताद" म्हणायचा, बाटल्या स्वतः धुवायचा, घरून खजूर आणायचा. त्याचा राग करायलाही जमेना. मी त्याला थोडं शिकवायचो, थोडं हातचं राखायचो. नाखवांच्या ते ध्यानात आलं. जाळ्यांवर शेवाळ काढणाऱ्या माणसांवर ओरडून आल्यावर, हात पुसत, ते माझ्याशेजारी टेकले.

"अर्धंच शिकवतोस."

"पूर्ण शिकवलं तर उद्या माझी गरज काय उरली?"

"अर्धं शिकवलंस तर त्याला वाटंल, एवढंच असतं. मग तुझी गरज नाय. पूरं शिकव, म्हंजे त्याला कळंल अजून किती उरलंय."

मला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच संशय आला. हे कोणाच्या बाजूनं बोलतायत? यात यांचं काय? पण मी शिकवलं. एकदा समुद्रात गढूळ पाणी आलं आणि सगळी मापं बिघडली, तेव्हा फहद घाबरला. आम्ही दोघांनी मिळून ते निस्तरलं. नंतर तो बाटल्या धुवायला लागला. म्हणाला, "उस्ताद, हे मला एकट्याला आलं नसतं." मी म्हणालो, येईल. मनात म्हणालो, लवकर येऊ नये.

रियाधच्या अल मलाझ भागातल्या मुख्य कचेरीतून मुदीर आला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मुदीर म्हणजे मॅनेजर. त्यानं आम्हा तिघांना कचेरीत बोलावलं. नाखवा नेहमीसारखे दाराला पाठ न करता भिंतीशी उभे. मुदीर सभ्य माणूस होता, फिरवून बोलला नाही. फहद आता केमिस्ट. माझा करार खलास. महिनाअखेर मी जायचं.

मी "थँक्यू सर" म्हणालो. इतकी वर्षं सवय, तोंडातून तेच आलं. बहिणीचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं. खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीवर एक पक्षी बसला होता आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

फहद उभा राहिला. तो वडीलधाऱ्यांसमोर फार बोलत नसे. "उस्ताद माझ्यासोबत राहणार नसतील तर मी ही जागा घेत नाही. घरून तसं सांगितलंय."

मुदीर चिडला नाही, थकल्यासारखा झाला. "माझ्या हातात नाही. इथे परदेशी माणसाची एक जागा कमी करायचीच आहे. हा राहिला तर दुसऱ्या कोणाला तरी जावं लागेल. कोण जाईल?"

"फोरमन," नाखवा म्हणाले. चहात साखर नको म्हणावं तसं म्हणाले.

कोणी त्यांना समजावलं नाही. समजावायला वेळच मिळाला नाही. मुदीरला उत्तर मिळालं होतं आणि त्याला परतीची घाई होती.

त्यांना निरोप द्यायला मी टपरीपर्यंत गेलो. एकच बॅग, दोरीनं बांधलेली, गाठीवर लाखेचा ठिपका, कोणी सोडली तर कळावं म्हणून. सुदानी तिकीटवाल्यानं त्यांना मिठी मारली. नाखवांनी मिठी सुटल्यावर खिसे चाचपले. तिकीटवाला हसत होता, त्याला ते माहीत होतं.

"नाखवा, असं का केलंत?" मी विचारलं.

"मला जायचंच होतं. गुडघे दुखतात."

"खरं सांगा."

"तपासून बघ," ते म्हणाले आणि बसच्या पायरीवर चढण्याआधी ती पायानं दाबून पाहिली.

त्यानंतर मी खूप तपासलं. आचारी म्हणाला, त्यांच्या पुतण्यानं दुकान टाकलंय, त्यात भागी आहे, म्हणून गेले. न्हावी म्हणाला, कंपनी त्यांना काढणारच होती, त्यांनी फुकटचा मोठेपणा घेतला. मला दोन्ही पटायचं, आणि कधी कधी तर बरं वाटायचं, कारण मग माझ्या डोक्यावर काही राहत नव्हतं. पण शेवटपर्यंत कशाचीच खात्री होईना.

मग वर्षभरानं फहदनं मला जेवायला बोलावलं. तीच बैठक, तोच समुद्र. अबू फहदनं गहवा ओतला. नाखवांच्या संगतीत माझ्याही अंगी त्यांची खोड उतरली होती. मी विचार न करता कप समोर गालिच्यावर ठेवला, आधी दुसरे पितात का बघायला.

बोलणं थांबलं. अबू फहदनं स्वतःचा कप खाली ठेवला. फहदचे दोघे काका माझ्याकडे बघू लागले. कोणी पीत नव्हतं.

"सांग," अबू फहद म्हणाला. एव्हाना मला अरबी कळत होतं. "काय हवंय?"

मी गोंधळून फहदकडे पाहिलं. तो माझ्या कानाशी वाकला. "उस्ताद, आमच्यात कोणी मोठं मागणं घेऊन आला की गहवा पीत नाही. समोर ठेवतो. यजमान हो म्हणाला की मगच पितो. तुम्हाला काय मागायचंय ते मागा. अब्बा थांबलेत."

मला काही मागायचं नव्हतं. मी फक्त संशय घेत होतो. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर दुसरा एक कप आला, त्याच गालिच्यावरचा.

"काका," मी म्हणालो, "पहिल्या दिवशी नाखवांनी कप खाली ठेवला होता. त्यांनी काय मागितलं होतं?"

म्हाताऱ्यानं माझा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "पी. सांगतो."

त्यानं सांगितलं ते मी त्याच आठवड्यात नाखवांना पत्रानं कळवलं. फोनवर त्यांनी विश्वास ठेवला नसता. ते पत्र असं:

"आदरणीय नाखवा यांस,

हे पत्र मीच लिहितोय याची खूण म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही मला समुद्राच्या आधी बसची टपरी दाखवलीत. हे तुम्ही सगळ्यांनाच दाखवता, तेव्हा आणखी एक. तुमच्या बॅगेच्या गाठीवरची लाख प्रयोगशाळेतली होती. तुम्ही ती न विचारता घेतलीत आणि मी बघितलं नाही असं दाखवलं. हे आपल्या दोघांनाच माहीत आहे.

तुमच्या जागी कोणी आलं नाही. जाळ्या आता मी आणि फहद मिळून बघतो. बहीण पास झाली. परवा गोंदियाकडचा एक इलेक्ट्रिशियन आला. मी त्याला आधी टपरीवर नेलं. मग दुकानादुकानातून फिरवलं आणि प्रत्येकाला सांगितलं, नीट बघून ठेव. तो माझ्याकडे फार संशयानं बघत होता.

तुम्ही तपासून बघ म्हणालात. तपासलं. तुमचा पुतण्या अजून शाळेत आहे हे फहदनं तुमच्या गावच्या एका खलाशाकडून काढलं. गुडघ्यांचं कोणालाच माहीत नाही. अबू फहदनी मला गालिच्यावरच्या कपाचं सांगितलं. तुम्ही मागितलंत ते असं: उद्या फहद या जागेवर येईल, यावा, गाव त्याचं आहे, पण या नव्या केमिस्टला हाकलून येऊ नये, शेजारी ठेवून यावा. तुम्ही मला ओळखत नव्हतात. सर्टिफिकेट खरं आहे यावरसुद्धा तुमचा विश्वास नव्हता. त्यांनी तुम्हाला विचारलं, मग कोणाला तरी जावं लागेल, तेव्हा काय? तुम्ही म्हणालात, मला निघायची वाट ठाऊक आहे.

मी आभार मानत नाही. तुम्हाला चालत नाहीत.

पण सगळं तपासून एक गोष्ट उरली आहे, आणि ती इथल्या कोणालाच माहीत नाही. तुम्ही जगातल्या प्रत्येकाबद्दल विचारायचात तेच मी विचारतो. यात तुमचं काय होतं?

पत्रानं उत्तर देऊ नका. ईदच्या सुट्टीत मी येतोय. खाडीवरून तुमच्या गावाला कसं यायचं आणि तिथून परत कसं निघायचं, दोन्ही विचारून ठेवलंय. घरी चहा येईल. तुम्ही आधी प्यालात तरी मी पिणार नाही. कप तुमच्यासमोर खाली ठेवीन.

तुमचा,
बीएस्सी"